हातखंब्यावरून

लेकीच्या, वैदेहीच्या, नव्या घराच्या गृहप्रवेशाचा मुहूर्त दुपारी बारा वाजून वीस मिनिटांचा होता, आणि रत्नागिरीहून हर्ण्याला कुठल्या रस्त्याने जायचं ते आदल्या दिवशी चार वाजेपर्यंत ठरलं नव्हतं. म्हणजे भास्कररावांच्या मते ठरलं होतं.

"समुद्राच्या बाजूने," ते झोपाळ्यावरून म्हणाले. "आरेवारे, गणपतीपुळे, जयगडला बोटीत गाडी चढवायची की पलीकडे तवसाळ. मग गुहागर, धोपावे, तिथे दुसरी बोट, दाभोळ. पुढे हर्णे काय, आलंच. मस्त वारा खात जायचं."

"हो, निवांत," त्यांचा मुलगा वरद म्हणाला. त्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. आठ दिवसांपूर्वी बागेत फवारणी करताना कलमाच्या फांदीवरून पाय निसटला होता. त्यामुळे गाडी त्याची बायको तेजस्वी चालवणार होती, आणि चालवणारीने रस्ता बघून ठेवलेला बरा म्हणून ती मघापासून मोबाइलवर नकाशा उलटसुलट करत होती.

"किनाऱ्याने सहा तास दाखवतंय," ती म्हणाली. "ते पण दोन्ही बोटी लगेच मिळाल्या तर. आणि हायवेने साडेचार. हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, खेड, दापोली. मुहूर्त बारा वीसचा आहे. मग हायवेनंच जाऊया की."

तेजस्वी कराडची. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण बोलण्यातला 'की' अजून गेला नव्हता, आणि या घरात कुठल्या वाक्यावर सगळे गप्प होतात तेही तिला अजून पुरतं ठाऊक नव्हतं. आत्ता झाले. झोपाळ्याची कडी वाजायची थांबली. वरद स्वतःचं प्लॅस्टर निरखायला लागला. पायरीवर बसून आहेराच्या साड्यांच्या घड्या घालणाऱ्या सासूबाई, कुसुमताई, उठल्या.

"चहा टाकत्ये," म्हणाल्या आणि आत गेल्या.

"हायवेला धूळ फार," भास्कररावांनी आवाज खाली आणून सांगितलं. "जागोजागी खोदून ठेवलंय."

"बाबा, माझी मैत्रीण परवाच आली चिपळूणहून. दोन तासांत आली."

"ट्रक फार."

"ट्रकला मी घाबरत नाही."

"बोटीची मजा वेगळी गो," भास्करराव म्हणाले. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, पण युक्तिवाद संपला की त्यांना बोटीची मजा आठवायची.

टायरमधली हवा बघायच्या निमित्ताने वरदने बायकोला अंगणाच्या कोपऱ्यात नेलं.

"माळकोंड माहितीये ना तुला? संगमेश्वरच्या पुढे. आईचं माहेर."

"मामांचं गाव. माहितीये की."

"तिथलं जुनं घर अगदी रस्त्याला लागून होतं. चौपदरीकरणात गेलं. चार वर्षं झाली. पाडलं त्या दिवशी आई तिथे होती. घरी आली ती बोललीच नाही. तीन दिवस जेवली नाही. बाबा घाबरले. तेव्हापासून आम्ही तिला त्या रस्त्याने नेत नाही. मुंबईला रेल्वेने, कराडला आंबा घाटातून, दापोलीला बोटीने. तिला कळूसुद्धा दिलेलं नाही."

तेजस्वीने नवऱ्याकडे नीट बघितलं. "चार वर्षं त्यांना कळलं नाही?"

"नाही."

"आणि कोणी विचारलं पण नाही, की आई, तुम्हाला काय वाटतं?"

"असं कसं विचारणार?" वरद म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं.

*

कुसुमताईंना सगळं पहिल्या खेपेपासून कळलेलं होतं.

नवऱ्याला बोटीची आवड असती तर बत्तीस वर्षांच्या संसारात ती एकदा तरी दिसली असती. आणि त्यांना स्वतःला बोट मुळीच सोसत नव्हती. डिझेलचा वास नाकात शिरला की पोटात ढवळायचं. दर वेळी त्या गाडीतून उतरून बोटीच्या कठड्याशी उभ्या राहायच्या, तोंडात आवळासुपारी धरायच्या आणि पलीकडचा किनारा जवळ येण्याची वाट बघायच्या. मागून भास्करराव वरदला म्हणायचे, "बघ, कशी रमल्ये."

त्या गप्प राहिल्या, कारण त्यांना वाटत होतं की हे सगळं त्यांच्यासाठी नाहीच. रस्त्याची नोटीस आली तेव्हा माळकोंडच्या पडवीत बसून ती वाचून दाखवली होती भास्कररावांनीच. नात्यातले सगळे कागद त्यांच्याकडे यायचे. दादाला, म्हणजे भिकाजीला, "आता सही कर, रस्ता काही थांबायचा नाही" असं सांगितलं होतं तेही त्यांनीच. त्या माणसाला ती जागा बघवत नसेल, तर नको. बोट तर बोट.

खुपत होतं ते निराळंच. दादाने त्याच जागेच्या वर, डोंगराच्या अंगाला, चिऱ्याचं नवं घर बांधलं होतं. दर भाऊबीजेला तो सकाळच्या एसटीने रत्नागिरीला यायचा, कोकमाची पिशवी ठेवायचा, ओवाळून घ्यायचा, जेवायचा, आणि चारच्या गाडीने परत. जाताना पायरीवर क्षणभर घोटाळायचा. आता म्हणेल, असं त्यांना वाटायचं. एकदा ये गो घर बघायला. तो चपला घालायचा आणि जायचा. राहून गेलं असेल, असं पहिल्या वर्षी वाटलं. चौथ्या वर्षी तसं वाटेना.

"आई."

तेजस्वी दारात उभी होती.

"चहा उकळत्ये अजून."

"चहाचं नाही. तुम्हाला कुठल्या रस्त्याने जायचंय?"

कुसुमताईंनी गॅस बारीक केला. ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा ठेवलं.

"बाहेर ठरलं ना?"

"बाहेरच्यांचं बाहेर ठरलं. गाडी मी चालवणार आहे. म्हणून विचारते."

सुनेचा हा आडदांडपणा कुसुमताईंना पहिल्या वर्षी झेपला नव्हता. आत्ता एकदम हलकं वाटलं, आणि हसू आलं.

"हायवेने," त्या म्हणाल्या. "पण आत्ता बोलू नकोस. आत्ता बोललीस तर हे रात्रभर मला बोटीची मजा सांगतील. सकाळी मारुती मंदिराला डावीकडे वळू नकोस, सरळ चल."

"हातखंब्यावरून."

"हातखंब्यावरून."

*

पहाटे पावणेसहाला निघाले. माघाची थंडी होती. भास्करराव मफलर गुंडाळून पुढे बसले, मागे कुसुमताई, वरद आणि दोघांच्या मध्ये आहेराची पिशवी. मारुती मंदिराच्या चौकात भास्कररावांनी सवयीने डावा हात दाखवला. गाडी सरळ गेली.

"अगो, चुकलीस."

"नाही बाबा."

"शिरगावचा फाटा मागे राहिला. पुढून वळव."

तेजस्वीने गिअर बदलला. भास्कररावांनी मान वळवून मुलाकडे बघितलं. वरदला परिस्थिती साधारण अर्ध्या मिनिटात कळली. तो खिडकीतून बाहेर बघू लागला.

"वरद, सांग हिला."

"आता आलोच आहोत तर जाऊया की," वरद म्हणाला.

"तूसुद्धा 'की' म्हणायला लागलास?"

"मी सांगितलंय तिला," मागून कुसुमताई म्हणाल्या. "मला बोट लागते. चार वर्षं लागत्ये."

भास्करराव समोर बघत बसले. हातखंबा आला, गेला. निवळीचा उतार आला. रस्ता खरोखरच चांगला झाला होता, आणि त्याचाच त्यांना राग येत होता. खड्डे असते तर बोलता आलं असतं. बावनदी ओलांडली तेव्हा पाण्यावर धुकं होतं. संगमेश्वरच्या पुढे उजाडलं. त्यांनी मफलर सोडला.

"माळकोंडला थांबायचं नाही हां," ते म्हणाले. "मुहूर्त आहे."

"मी कुठे थांबा म्हणत्ये?" कुसुमताई शांतपणे म्हणाल्या. "जाता जाता खिडकीतून बघेन. न बोलावता भावाच्या दारात जाऊन उभी राहणारी बाई नाही मी."

एक टेम्पो मागे पडला, मग एक एसटी. भास्कररावांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

"त्याने बोलावलं होतं," ते काचेकडे बघत म्हणाले.

"कोणी?"

"भिकाजीने. घरभरणीला. त्याचा फोन आला होता, तू बाजारात होतीस. मी म्हटलं, आत्ताच नको, तिला सोसायचं नाही. पुढच्या वर्षी त्याने परत विचारलं. तेव्हा मीच म्हटलं, तिच्यासमोर तो विषयच काढू नकोस. ती बरी झाली की मी आपण होऊन आणतो."

वरदने डोळे मिटून घेतले. तेजस्वीने आरशात बघितलं. सासूबाईंचा चेहरा तिला दिसला आणि तिने आपण होऊन वेग कमी केला.

"ही वहाळाची मोरी," रस्त्याखालून जाणारा ओढा दाखवत कुसुमताई म्हणाल्या. "इथे थांब."

*

सर्व्हिस रोडच्या कडेला गाडी उभी राहिली. कुसुमताई उतरल्या आणि पदर खोचून चालायला लागल्या. मागे भास्करराव. वरद निघाला तशी तेजस्वीने त्याचा चांगला हात धरला.

"भावाच्या घरभरणीला मी नव्हते," कुसुमताई न थांबता म्हणाल्या. "गाव जेवलं असेल. लोकांनी विचारलं असेल, बहीण कुठाय. काय सांगितलं असेल त्याने?"

"मला वाटलं, तुला झेपणार नाही."

त्या थांबल्या. वळल्या. "मला, की तुम्हाला?"

शेजारून एक ट्रक हॉर्न देत गेला. तो आवाज लांब जाईपर्यंत भास्कररावांना वेळ मिळाला, पण त्या वेळाचा काही उपयोग झाला नाही.

"मला," ते म्हणाले. "सही कर म्हणून मी सांगितलं होतं त्याला. इथेच. पडवीत. त्याने माझ्याकडे बघून सही केली. मग घर पाडलं, तू तीन दिवस जेवली नाहीस. मला वाटलं, तुम्ही दोघं बहीणभाऊ एकत्र बसलात की कधीतरी हे निघणार. की मास्तरांनी सांगितलं म्हणून घर गेलं."

कुसुमताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हा माणूस पहिलीतल्या मुलासारखा हात बांधून उभा होता.

"तुम्ही दुपारी सांगितलंत," त्या म्हणाल्या. "दादाने मला सकाळीच फोन केला होता. काय करू विचारायला. मी म्हटलं, कर सही. इकडच्या तिकडच्या सगळ्यांची घरं जातायत, तू एकटा किती दिवस अडून बसणार? तुम्ही नोटीस वाचलीत तेव्हा त्याचं ठरलेलंच होतं."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुम्ही कधी विषय काढू दिलात? मी 'माळ' म्हटलं की तुम्ही बोट काढायचात."

"पण मग तीन दिवस जेवली का नाहीस?"

"घर पडलं म्हणून!" कुसुमताई ओरडल्याच. "जन्मले त्या घरात. रडायचं नाही? त्यात तुमचा काय संबंध?"

भास्कररावांनी रस्त्याकडे बघितलं. कुसुमताईही बघत होत्या. मोरीपासून त्यांनी बोटाने हवेत रेघ ओढली. "मोरीच्या अलीकडे गोठा. गोठ्याला लागून न्हाणीघर. म्हणजे तो पांढरा पट्टा आहे ना, तिथे आमची चूल." नेमका त्या पट्ट्यावरून एक भलामोठा कंटेनर धडधडत गेला.

"चुलीत गेला," भास्करराव अनवधानाने म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

पण कुसुमताईंना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कसलं होतं ते दोघांनीही विचारलं नाही.

"तुमच्याशी मी हर्ण्यापर्यंत बोलणार नाहीये," डोळे पुसून त्या म्हणाल्या. "दादाकडे तेवढी बोलेन. तिथे न बोलणं बरं दिसणार नाही."

"बरं," भास्करराव म्हणाले.

*

चढणीवरून गाडी वर येताना दिसली तेव्हा भिकाजी अंगणात सुपारीच्या रोपांना पाणी घालत होता. शहात्तर वर्षांचा उंच, वाळका माणूस, अंगात बंडी. गाडीतून कोण उतरतंय ते बघून त्याने पाण्याचा पाइप तसाच हातात धरला. पाणी त्याच्याच पायावर पडत राहिलं.

"कुसुम?"

"वाट चुकले होते रे दादा."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

त्याने भास्कररावांकडे एकदा बघितलं, पाइप टाकला आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "जनी! अगो, बाहेर ये! कोण आलंय बघ!"

भिकाजीची बायको जनी पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि त्याच हातांनी नणंदेच्या गळ्यात पडली. "आधी सांगितलं असतंस तर काहीतरी बरं केलं असतं! आता घावनंच आहेत," असं म्हणत तिने सगळ्यांना आत ढकललं. तेजस्वीला घड्याळ दाखवायचा वरदने प्रयत्न केला, पण ती केव्हाच स्वयंपाकघरात पोचली होती.

कुसुमताई घर बघत फिरल्या. माजघर, देव, मागची पडवी. कोपऱ्यातल्या एका खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी ढकललं तर आत छतापर्यंत भाताची पोती.

"ती तुझी खोली," मागून जनी म्हणाली. थोडी ओशाळली होती. "माहेरवाशिणीला खोली पाहिजे म्हणून ह्यांनी मुद्दाम बांधली. दोन वर्षं रिकामी ठेवली. तू काही येईनास. मग मी म्हटलं, भात तरी ठेवूया. आजच काढत्ये."

"राहू दे गो," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी एका पोत्यावर हात ठेवला. "माझ्यापुरता कोपरा असला म्हणजे झालं. मे महिन्यात येत्ये. आठ दिवस."

बाहेर पडवीत दोन म्हातारे पाटांवर समोरासमोर बसले होते. खाली हायवेवरून गाड्या पळत होत्या; त्यांचा आवाज इथपर्यंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा बारीक यायचा. भास्कररावांनी घसा साफ केला.

"भिकाजी, मी तुला तेव्हा जे फोनवर सांगितलं—"

"मास्तर, घावन गार होतंय," भिकाजी म्हणाला आणि नारळाच्या चटणीची वाटी त्यांच्याकडे सरकवली. भास्कररावांनी पुन्हा तोंड उघडलं, तर त्याने दुसरं घावन ताटात टाकलं. तिसऱ्या घावनानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

पावणेनऊला वैदेहीचा फोन आला. कुसुमताईंनी घेतला.

"आई, कुठे पोचलात? पहिली बोट मिळाली?"

"बोट कुठली? मी माहेरी आल्ये."

पलीकडे इतका वेळ काही ऐकू आलं नाही की कुसुमताईंनी फोन कानापासून लांब धरून बघितला. मग वैदेहीचा आवाज आला. "मामा आहे तिथे? मामाला आण. मामीलाही. गुरुजींना मी बघून घेते. सावकाश या."

"सावकाश कसलं! बारा वीसला तू उंबरा ओलांडायचास, मी दारात असणार," कुसुमताई म्हणाल्या. "जनीवहिनी, साडी बदल!"

पाच जणांच्या गाडीत सहा जण बसले. भिकाजीच्या पायांना जागा लागायची म्हणून तो पुढे. मागे चौघं, आणि वरदचं प्लॅस्टर भास्कररावांच्या मांडीवर. परशुराम घाटात कुसुमताई त्यांना म्हणाल्या, "सरका थोडे," आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हर्णे अजून यायचंय. भास्करराव सरकले. काही बोलले मात्र नाहीत.

*

बारा वाजून आठ मिनिटांनी हर्ण्याच्या चढावर गाडी थांबली. नवं घर लहानसंच होतं, चार खोल्यांचं, समोर जांभ्या दगडाचं मोकळं अंगण आणि लांबवर खाली बंदरातल्या होड्या. गुरुजी दारात घड्याळ बघत होते. वैदेही नऊवारीत, हातात कलश घेऊन उभी. शेजारी जावई विनीत, सोवळं सावरत. मामाला बघताच तिने कलश नवऱ्याच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला.

भिकाजीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग घराकडे बघितलं. भिंती, छप्पर, जोतं, सगळं सावकाश. मग वळून, आले होते त्या डांबरी रस्त्याकडे.

"छान बांधलंस," तो म्हणाला. "रस्त्यापासून किती लांब?"

वैदेही अजिबात थबकली नाही.

"एकशे ऐंशी फूट, मामा. जागा घेताना पहिलं तेच विचारलं."

"उद्या रुंद झाला तर?"

"तरी उरतंय."

भिकाजीने मान हलवली, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. तो अंगणाच्या टोकाला गेला, रस्त्याच्या कडेला टाच लावून उभा राहिला, आणि लांब लांब ढांगा टाकत घराकडे यायला लागला. ओठ हलत होते. अर्ध्यात भास्करराव त्याच्या शेजारी जाऊन पोचले. एवढ्या उंच माणसाच्या ढांगेला ढांग जुळेना, तरी ते जुळवत राहिले.

"पंचवीस," भिकाजी म्हणाला.

"सव्वीस," भास्करराव म्हणाले.

"मास्तर, मधेच येऊन चुकवू नका. परत पहिल्यापासून."

दोघं वळले आणि पुन्हा रस्त्याकडे चालायला लागले. दारातून गुरुजींनी हाक मारली. विनीतने मारली. वरदने घड्याळ दाखवलं. बारा वाजून चौदा मिनिटं झाली होती.

"मोजू दे त्यांना," कुसुमताई म्हणाल्या, आणि लेकीच्या पदराची चुणी सारखी करायला लागल्या. "सहा मिनिटं आहेत."